सबवूफरची मोटर: कॉइल कुठेही असो, जोर तेवढाच हवा

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, खोल सूर वाजवणारा स्पीकर. हाताशी कधी असा सुटा सबवूफर आला, म्हणजे पेटीत न बसवलेला आणि अ‍ॅम्प्लिफायरला न जोडलेला, तर एक गंमत करून बघा. पुढच्या शंकूसारख्या पडद्याच्या, म्हणजे कोनच्या, मध्याभोवती दोन्ही हातांची बोटं सारखी टेकवा आणि हलकेच आत दाबा. सराउंड (कोनच्या कडेची लवचीक पट्टी) आणि स्पायडर (मागून त्याला मध्यावर धरणारी लवचीक चकती) यांचा थोडा ताण लागतो, पण कोन सरळ आत जातो. आता मागची दोन टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा दाबा. दणकट मोटरचा ड्रायव्हर (पेटीशिवायचा नुसता स्पीकर) असेल तर कोन घट्ट ग्रीसमध्ये रुतल्यासारखा वाटतो. दाबावं तर कुणीतरी आतून धरून ठेवलंय असं वाटतं. तार काढली की पुन्हा मोकळा.

आत काय झालं? कोनला चिकटलेली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबकीय क्षेत्रातून सरकली, तिच्यात वीज निर्माण झाली, तारेने वाट करून दिल्यामुळे प्रवाह वाहिला आणि त्या प्रवाहाने कॉइलच्या हालचालीलाच विरोध केला. म्हणजे ज्याला आपण सबवूफरची मोटर म्हणतो ती एकाच वेळी इंजिनही आहे आणि ब्रेकही. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मोटर म्हणजे गोल फिरणारी नव्हे. कड्याच्या आकाराचा मॅग्नेट, त्याच्या मागे लोखंडी बॅक प्लेट, पुढे लोखंडी टॉप प्लेट आणि मधोमध उभा लोखंडी पोल. टॉप प्लेटचं भोक आणि पोल यांच्यात एक अरुंद गोल फट राहते. मॅग्नेटचा बराचसा फ्लक्स, म्हणजे त्याच्या चुंबकीय रेषा, लोखंडातून वळवून या फटीत आणलेला असतो. फटीत कॉइल तरंगत असते आणि तिला कोन चिकटवलेला असतो. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडलेल्या स्पीकरचा सांगाडा जवळपास हाच होता. तेव्हा कायमच्या मॅग्नेटऐवजी विजेवर चालणारा मॅग्नेट वापरत, एवढाच मोठा फरक.

कॉइलवरचं बल किती? क्षेत्राची तीव्रता गुणिले क्षेत्रात असलेल्या तारेची लांबी गुणिले प्रवाह. पहिल्या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे बीएल. (मराठीत ‘बल’ आणि ‘बीएल’ इतके शेजारी यावेत हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) बीएल २० असेल तर एका अँपिअरला २० न्यूटन, दोन अँपिअरला ४०. हा हिशेब कॉइल मधोमध असतानाही तोच आणि १५ मिमी बाहेर गेली असतानाही तोच राहिला, तर ड्रायव्हर रेषीय, म्हणजे लिनिअर. प्रत्यक्षात तो तसा राहत नाही. सबवूफरच्या मोटरची सगळी कारागिरी या एका हिशेबाला शक्य तितका वेळ धरून ठेवण्यासाठी चाललेली असते.

सबवूफरलाच एवढा जाच का

ट्वीटरची, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, कॉइल केसाच्या जाडीच्या अंशाएवढी हलते. तिला फटीबाहेर जायची वेळच येत नाही. सबवूफरचं तसं नाही. तेवढाच आवाज निम्म्या वारंवारतेला काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. बारा इंची ड्रायव्हरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंमी धरा. ड्रायव्हर सपाट पृष्ठभागात बसवलाय आणि आवाज समोरच्याच बाजूला पसरतोय असं माना. ८० हर्ट्झला एक मीटरवर ९४ डेसिबल काढायला कोन मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम ०.६ मिमी हलला तरी पुरतो. ४० हर्ट्झला अडीच मिमी लागतात. २० हर्ट्झला थेट १० मिमी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत २० मिमी, आणि तेही सेकंदाला वीस वेळा. आणि ९४ डेसिबल हा काही भिंती हादरवणारा आवाज नव्हे, खालच्या सुरांच्या बाबतीत तर नाहीच.

त्यात आपले कान आणखी खोडी काढतात. २० हर्ट्झचा सूर ऐकू येण्यासाठी सुमारे ७८ डेसिबल लागतात, तर ६० हर्ट्झच्या आसपास ३८-३९ डेसिबल पुरतात. आता सबवूफर २० हर्ट्झचा सूर ९० डेसिबलवर वाजवतोय आणि त्यात तीन टक्के तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारतेचा जादा सूर, मिसळलाय असं समजा. तीन टक्के म्हणजे तीस डेसिबल खाली, म्हणजे ६० हर्ट्झला ६० डेसिबल. मूळ सूर ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आणि ही भेसळ वीसेक डेसिबल वर! कागदावर तीन टक्के दिसतात, पण कानाला मुख्य पाहुण्यापेक्षा सोबत आलेलाच जास्त बोलतोय असं वाटतं. ‘बास फार दमदार आहे’ असं आपण ज्याला म्हणतो त्यात किती भाग या भेसळीचा असतो, हे रेषीय सबवूफर शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना तो उलट मिळमिळीत वाटतो. माझी स्वतःचीही पहिली प्रतिक्रिया ‘याचा आवाज कमी का येतोय’ हीच होती.

लांब कॉइल, आखूड फट

बहुतेक सबवूफरमध्ये कॉइल फटीपेक्षा बरीच उंच असते. याला ओव्हरहंग म्हणतात. समजा टॉप प्लेट १० मिमी जाड आहे आणि कॉइलची गुंडाळणी ४० मिमी उंच. कॉइल मधोमध असताना फटीच्या वर १५ आणि खाली १५ मिमी तार शिल्लक राहते. कॉइल १५ मिमी पुढे गेली तरी फट तारेने भरलेलीच. कॅटलॉगमध्ये एक्समॅक्स (मध्यापासून एका बाजूला कॉइल किती हलू शकते) म्हणून जो आकडा असतो तो बहुतेकदा इथूनच येतो: कॉइलच्या उंचीतून फटीची उंची वजा करा आणि दोनाने भागा.

त्यापुढे काय? कॉइल १८ मिमीवर गेली की फटीतल्या १० मिमीपैकी सातच मिमीत तार उरते. बीएल ७० टक्क्यांवर येतो. म्हणजे कोन टोकाला पोहोचलेला असतो, स्पायडर त्याला मागे खेचत असतो, सर्वांत जास्त जोर तिथेच हवा असतो आणि नेमका तिथेच मोटरचा हात आखडतो. लाटेचा माथा चपटा होतो. दोन्ही बाजूंना सारखाच चपटा झाला तर तिसरा, पाचवा असे विषम हार्मोनिक उमटतात.

आता सुरुवातीचा ब्रेक आठवा. ब्रेकची ताकद बीएलच्या वर्गावर ठरते. बीएल ७० टक्के झाला तर ब्रेक ४९ टक्के, म्हणजे निम्मा. जोर कमी झाल्याची चर्चा सगळे करतात, पण ब्रेक सैल झाल्याची कुणी फारशी करत नाही. मोठ्या आवाजात सबवूफर ‘ढिला’ किंवा ‘घुमणारा’ वाटायला लागतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. हळू आवाजात मोजून पेटीचा हिशेब केलेला असतो एका ड्रायव्हरचा, आणि जोरात वाजवताना पेटीत असतो जणू वेगळाच.

हे मी जरा नीटनेटकं करून सांगितलं. प्रत्यक्षात फटीच्या काठावर क्षेत्र सुरी फिरवल्यासारखं तुटत नाही. ते फुगून बाहेर पसरतं. त्यामुळे बीएलचा वक्र, म्हणजे कॉइलच्या जागेनुसार बीएल दाखवणारा आलेख, १५ मिमीपर्यंत सपाट आणि मग कडा असा नसतो. तो आधीपासूनच हळूहळू उतरू लागतो आणि नंतरही थोडा तग धरतो. दोन ड्रायव्हरचा एक्समॅक्स कागदावर सारखा असूनही एकाचा वक्र पठारासारखा आणि दुसऱ्याचा टेकडीसारखा असू शकतो. म्हणूनच जर्मन संशोधक वोल्फगांग क्लिपेल यांच्या पद्धतीत भूमितीवर न थांबता कोनवर लेसर रोखून, प्रत्यक्ष मोठ्या हालचालीत बीएल मोजतात. तो मूळ किमतीच्या ८२ टक्क्यांवर येईल ती साधारण दहा टक्के विकृतीची मर्यादा, आणि सबवूफरसाठी थोडी सूट देऊन ७० टक्के. माझ्या मते कॅटलॉगमधला एकटा एक्समॅक्स हा पत्रिकेतल्या गुणांसारखा आहे. जुळले तर बरं, पण संसार कसा होईल हे त्यावरून सांगता येत नाही.

ओव्हरहंगची दुसरी किंमतही मोजावी लागते. वरच्या उदाहरणात ४० मिमीपैकी कुठल्याही क्षणी १० मिमीच तार काम करते. उरलेली तीन चतुर्थांश तार वजन वाढवते, विजेचा विरोध (रेझिस्टन्स) वाढवते, तापते आणि बदल्यात फारसं काही देत नाही.

मग उलट केलं तर? फट ४० मिमी आणि कॉइल १० मिमी. याला अंडरहंग म्हणतात. एक्समॅक्स तोच, १५ मिमी. क्षेत्राची तीव्रता आणि तारेची जाडी तीच ठेवली तर बीएलही तेवढाच, पण विरोध चौथा हिस्सा आणि कॉइलचं वजनही चौथा हिस्सा. मोटरची ताकद मोजायचं खरं माप म्हणजे बीएलचा वर्ग भागिले विरोध. ते चौपट झालं. वक्रही छान सपाट. इतकं सगळं चांगलं असून प्रत्येक सबवूफर असा का नसतो? कारण चौपट उंच फट म्हणजे फ्लक्स जाण्यासाठी चौपट क्षेत्रफळ, आणि तीव्रता तीच ठेवायची तर मॅग्नेटकडून चौपट फ्लक्स हवा. सोबत ४० मिमी जाडीची लोखंडी प्लेट. नाकापेक्षा मोती जड! फेराइट मॅग्नेट स्वस्त असतो, पण त्याची चुंबकीय ताकद ०.४ टेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास. निओडिमियमची त्याच्या तिप्पट, पण त्याचं मोलही तसंच.

या दोन टोकांच्या मधल्या वाटा मला जास्त मजेदार वाटतात. एका रचनेत टॉप प्लेटच्या आतल्या काठावर मधोमध खाच पाडतात, म्हणजे एका जाड फटीऐवजी एकावर एक दोन पातळ फटी तयार होतात. कॉइल वर सरकली की तिचं खालचं टोक खालच्या फटीतून जेवढं सुटतं तेवढंच वरचं टोक वरच्या फटीत शिरतं. बेरीज तीच. अडीर ऑडिओ या स्पीकर कंपनीच्या डॅन विगिन्स यांची एक्सबीएल-स्क्वेअर ही रचना याच कल्पनेवर उभी आहे. दुसरी युक्ती गुंडाळणीतली. कॉइलच्या दोन्ही टोकांकडे तारेचे थर जास्त द्यायचे आणि मधे कमी. कॉइल बाहेर जाऊ लागली की दाट टोक फटीत येतं आणि पडझड भरून काढतं. युक्ती हुशार आहे, पण टोकांना थर वाढले म्हणजे फट रुंद करावी लागते आणि रुंद फटीत क्षेत्र कमकुवत होतं. मोटरच्या दुनियेत फुकट काहीच मिळत नाही. फक्त कुठल्या खिशातून पैसे द्यायचे ते निवडता येतं.

वर-खाली सारखं नसेल तर

आतापर्यंत दोन्ही बाजूंची घसरण सारखी धरली. ती तशी नसते. फटीच्या खालच्या बाजूला पोल पुढे चालूच असतो, तर वरच्या बाजूला तो टॉप प्लेटच्या पातळीलाच संपलेला असतो. मग वरचं फुगलेलं क्षेत्र आणि खालचं फुगलेलं क्षेत्र वेगळं पडतं. उपाय साधा आहे: पोल टॉप प्लेटच्या काही मिमी वर न्यायचा. दोन्हीकडचं चित्र आरशातल्यासारखं होतं. कधीकधी चूक रचनेतही नसते, जोडणीत असते. स्पायडर चिकटवताना कॉइल दोन मिमी आत बसली की झालं.

असमतोलाने दुसरा हार्मोनिक येतो हे एक, पण त्याहून चमत्कारिक म्हणजे कोन आपली मधली जागाच सोडतो. ड्रायव्हरच्या स्वतःच्या अनुनादाच्या (ज्या वारंवारतेला तो आपसूक डोलतो तिच्या) वरच्या वारंवारतांना असमतोल बीएल कॉइलला कमजोर बाजूकडे ढकलतो. तिकडे सरकली की आणखी कमजोर आणि आणखी ढकलाढकल. शुद्ध साइन लहर देऊनही कोन काही मिमी पुढे जाऊन तिथेच थरथरत राहतो. तेव्हा त्याला जागेवर धरायचं काम फक्त स्पायडर करतो. स्पायडर ताणला की ताठ होत जातो हा त्याचा दोष मानला जातो, पण अशा वेळी तोच पाठीशी उभा राहतो.

इंडक्टन्स, म्हणजे दुर्लक्षित गुन्हेगार

बीएलच्या वक्रावर सगळे तुटून पडतात आणि इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला आडवा येणारा कॉइलचा गुण, कोपऱ्यात निवांत बसलेला असतो. सबवूफर निवडताना मी आता आधी त्याच्याकडे बघतो.

कॉइलच्या आत लोखंडी पोल आहे. कॉइल आत गेली की तिच्या पोटात लोखंड जास्त आणि इंडक्टन्स चढतो. बाहेर आली की लोखंड कमी आणि इंडक्टन्स उतरतो. एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारं यंत्र) असेल तर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. टर्मिनलना मीटर लावा आणि कोन हळूहळू आत-बाहेर करा. आकडा हाताबरोबर वर-खाली होतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वायर सैल आहे असं समजून क्लिपच घट्ट करत बसलो होतो.

याचा आवाजावर काय परिणाम? समजा कॉइलचा विरोध साडेतीन ओहम आहे आणि कोन ३० हर्ट्झच्या सुरावर मोठे झोके घेतोय. या झोक्यांबरोबर इंडक्टन्स दोन ते चार मिलीहेन्रीमध्ये फिरतो. त्याच वेळी ८० हर्ट्झचा दुसरा सूरही वाजतोय. त्या सुरासाठी कॉइलचा अडथळा झोक्याच्या एका टोकाला ३.६ ओहम, दुसऱ्या टोकाला ४ ओहमच्या थोडा वर. म्हणजे वरच्या सुराचा प्रवाह दहा टक्क्यांनी कमी-जास्त होतो, त्याची फेज, म्हणजे लाटेची वेळ, १४ अंशांनी मागे-पुढे होते, आणि हे सेकंदाला तीस वेळा. परिणामी ८० च्या आजूबाजूला ५० आणि ११० हर्ट्झचे सूर उगवतात, जे गाण्यात कुणी घातलेलेच नव्हते. हे इंटरमॉड्युलेशन. हार्मोनिक निदान मूळ सुराचे नातेवाईक तरी असतात, हे तर आगंतुक. सबवूफर कोपऱ्यात असूनही ‘आवाज तिथूनच येतोय’ असं कळतं, त्यात अशा वरच्या भेसळीचा मोठा वाटा असतो.

दुसरा त्रास असा की इंडक्टन्स जागेनुसार बदलतो म्हटल्यावर तिथे एक वेगळं बल जन्माला येतं. ते प्रवाहाच्या वर्गावर चालतं. वर्ग म्हटला की प्रवाह उणे असो वा अधिक, बल एकाच दिशेला: आत, लोखंडाकडे. तिसरं म्हणजे कॉइलचा स्वतःचा चुंबकीय प्रभाव फटीतल्या कायमच्या क्षेत्रालाच ढवळतो. याला फ्लक्स मॉड्युलेशन म्हणतात. मोठा प्रवाह एका दिशेला वाहिला की क्षेत्र थोडं बळावतं, उलट दिशेला वाहिला की थोडं मावळतं. पाय रोवून ज्यावर उभं राहायचं ती जमीनच हलते.

यावरचा उतारा म्हणजे शॉर्टिंग रिंग: तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी, पोलवर किंवा त्याच्या पायथ्याशी बसवलेली. कॉइलचं क्षेत्र बदललं की कडीत प्रवाह उमटतो आणि तो त्या बदलालाच विरोध करतो. सुरुवातीला टर्मिनल शॉर्ट केल्यावर बोटांना जो विरोध जाणवला त्याचाच हा भाऊ, फक्त इथे तो आपल्या बाजूने लढतो. पण कडी पातळ असून भागत नाही. ५० हर्ट्झला तांब्यात विजेची पकड सुमारे नऊ मिमी खोलीपर्यंत पोहोचते, म्हणून पोलवर चढवलेली एखाद मिमीची तांब्याची टोपी वरच्या वारंवारतांना उत्तम, सबवूफरच्या खोल सुरांना अपुरी. तिथे भरभक्कम कडी लागते. ती फटीत घातली तर फट रुंद होते, आणि रुंद फट म्हणजे पुन्हा कमकुवत क्षेत्र. आणखी एक उपाय म्हणजे पोलचं टोक चुंबकीयदृष्ट्या पुरतं भरून टाकणं. लोखंड दोन टेस्लाच्या आसपास तृप्त होतं. मग कॉइल कितीही ढवळो, त्याला फरक पडत नाही. जेबीएल या स्पीकर कंपनीच्या डिफरेन्शिअल ड्राइव्ह रचनेमध्ये तर दोन फटींत उलट-सुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल एकाच नळीवर बसवतात. दोघींचा इंडक्टन्स बऱ्याच अंशी एकमेकींना मारतो आणि उष्णताही दोन ठिकाणी वाटली जाते.

उष्णतेबद्दल थोडक्यातच सांगतो. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. खोलीच्या तापमानापासून २०० अंशांवर गेलेल्या कॉइलचा विरोध ७० टक्क्यांनी वाढलेला असतो. तेवढ्याच व्होल्टेजला प्रवाह कमी मिळतो आणि ब्रेकही सैल पडतो.

मागे एक जळालेला बारा इंची ड्रायव्हर मी उघडला होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत ३० मिमी एक्समॅक्स छापलेला. व्हर्निअरने मोजलं तर गुंडाळणी ३८ मिमी आणि टॉप प्लेट ८ मिमी. हिशेब केला, १५ आले. खोक्यावरचे तीस या टोकापासून त्या टोकापर्यंतचे होते, आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पोल टॉप प्लेटच्या पातळीलाच कापलेला, आणि शॉर्टिंग रिंग शोधायला बॅटरी घेऊन आत वाकलो तर नुसतं लोखंड. मॅग्नेट मात्र एका हाताने उचलवेना एवढा. कॉइल हातात घेतली तेव्हा तिचा मधला पट्टा, जो फटीत लोखंडाला खेटून राहायचा, तो अजून तांबूस होता. वरची आणि खालची टोकं, जी बहुतेक वेळ नुसतीच बाहेर उभी असायची, ती काळी ठिक्कर पडून सालपटं निघत होती.